हट्टाला इंग्रजीत काय म्हणतात

तो तिच्या खुर्चीत बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि तिच्या त्या लांबट खोलीत रुग्णांसाठी भिंतीलगत खुर्च्यांची चांगली रांग होती, पण या गृहस्थाला नेमकी तिचीच आवडली होती. तिने दोनदा सांगून पाहिलं. पुन्हा सांगताना आवाज जरा चढलाच, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "उठलो असतो हो... पण गुडघा ऐकत नाहीये."

मग तिनेच हात देऊन त्याला उठवलं. चेहऱ्यावर वेदना, तरी डोळे मिश्कील— तिला उगाचच राग आला. पुढेही तो रोज त्याच खुर्चीत सापडायचा आणि रोज तिला हात द्यावा लागायचा.

तो शाळेत इंग्रजी शिकवायचा. जिन्यावरून पडून गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि आता तो गुडघा वाकायला तयार नव्हता. त्याचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर, शाळेला लिफ्ट नाही. सुट्टी संपेल त्या दिवशी स्वतःच्या पायांनी वर आला नाहीत, तर वर्ग दुसऱ्याला देऊ आणि तुमची खाली ऑफिसात सोय करू, असं मुख्याध्यापिकांनी अगदी गोड शब्दांत कळवलं होतं. मुलांशिवाय दिवस काढायचे, या विचारानेच त्याचा चेहरा पडायचा.

सांधा वाकवताना माणूस श्वास रोखतो, अंग आवळून घेतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. म्हणून तिची एक पद्धत होती. ती वाकवत असताना रुग्णाने बोलत राहायचं, काहीही. कुणी पाढे म्हणायचं, कुणी सुनेची गाऱ्हाणी सांगायचं. याने इंग्रजी शिकवायला घेतलं.

"आज हट्टाचे शब्द," तो दातओठ खात म्हणाला. "स्टबर्नली. समोरचा आपलं ऐकत नाही, तेव्हा चिडून वापरायचा. पर्सिस्टंटली... दार उघडेपर्यंत ठोठावत राहणारा. डॉगेडली— आई गं— दमलाय, पण पाऊल उचलतोय."

"म्हणजे तुम्ही."

"मी कसला? सध्या माझा गुडघा स्टबर्नली वागतोय."

ती खळखळून हसली. रुग्ण तिला पाठीमागे हेडमास्तरीण म्हणत, त्यामुळे तिचं हसू ऐकून शेजारच्या पलंगावरच्या मानदुखीच्या मावशींनी दुखरी मान वळवून पाहिलं.

कामात मात्र ती तसूभरही ढिली पडली नाही. एकदा गुडघा सुजला आणि तो म्हणाला, बास झालं, ऑफिसही काही वाईट नाही. तिने त्याचं ऐकूनच घेतलं नाही. बर्फ लावला, थोडी विश्रांती दिली आणि पुन्हा कामाला जुंपलं. त्या दिवशी ती स्वतःबद्दलही बोलली. आलेली स्थळं नाकारली, नोकरी सोडली नाही, तेव्हापासून आई येताजाता हट्टी म्हणते, ऐकून ऐकून कान किटलेत.

"त्याच वागण्याला आणखी एक शब्द आहे," तो म्हणाला. "स्टेडफास्टली. न डगमगता, ठामपणे. समोर उभा राहून वाद घालणारा स्टबर्नली म्हणतो. शेजारी उभा असतो, तो स्टेडफास्टली म्हणतो."

"आणि तुम्ही कुठे उभे आहात?"

"उभा कुठला... तुम्ही तर आडवं पाडून ठेवलंय मला."

ती हसली खरी, पण तो शब्द मनातून जाईना. आजवर कुणी तिच्या शेजारी उभं राहिलंच नव्हतं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी तो दारात घुटमळला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं... तिने हात वर करून थांबवलं. तिला ऐकायचं होतं, तरी आवाज तोच हेडमास्तरणीचा राहिला. "उपचार चालू आहेत तोवर मी तुमची फिजिओ. आणि उपचार तिसऱ्या मजल्यावर संपतात."

शाळा उघडली त्या सकाळी ती रजा टाकून जिन्याच्या वरच्या टोकाला जाऊन उभी राहिली. दोन मजले तो कठड्याला धरून नीट आला. तिसऱ्याच्या वळणावर मात्र अडला. चेहरा पांढराफटक, हात कठड्यावर आवळलेला. खाली धावावं, खांदा द्यावा, असं तिला फार वाटलं. ती जागची हलली नाही.

"श्वास रोखलाय तुम्ही. बोला."

"इंग्रजी संपलं."

"मग मराठीत बोला."

त्याने पाय उचलला. "पहिला आठवडा सोडला तर... मला त्या खुर्चीतून उठता येत होतं." आणखी एक पायरी. "तुमचा हात धरायला मिळायचा, म्हणून बसायचो. मला तुम्ही फार आवडता. लग्न कराल माझ्याशी?"

"उठता येतंय हे मला कळत नव्हतं, असं वाटलं तुम्हाला? गुडघा किती वाकतो ते रोज मोजत होते मी."

कठडा धरून त्याने वर पाहिलं. "मग... हात का देत होतात?"

तिचे कान लाल झाले. "आधी उरलेल्या पायऱ्या चढा. स्वतःच्या पायांनी."

तो चढला. घाम पुसत, थांबत, पण चढला. वर्गाच्या दारापर्यंत पोचला, तेव्हा तिने हात पुढे केला. आता आधाराची काही गरज नव्हती. त्याने तो धरला, आणि आत मुलं वाट बघत असतानाही तिला तो सोडवेना.