प्रार्थनेचा रद्द झालेला शुक्रवार

काळ कुणासाठी थांबत नाही, असं मोठमोठी माणसं सांगून गेली आहेत. त्यांच्यापैकी कुणी कारखान्याचं कॅलेंडर सांभाळलं नसावं. असगर ते बावीस वर्षं सांभाळत होता. डेन्मार्कच्या जटलंडमधल्या त्या खिडक्यांच्या कारखान्यात कुठला दिवस कामाचा आणि कुठला सुट्टीचा, हे नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरायचं. एका चौकटीवर टिचकी मारली की चारशे खिडक्या मुकाट दुसऱ्या दिवसावर सरकत.

वसंतातल्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या शुक्रवारची सुट्टी सरकारने त्या वर्षापासून रद्द केली होती. असगर ती कॅलेंडरमधून काढायला विसरला. त्याची बायको विबेके बरं न होणाऱ्या रुग्णांच्या हॉस्पिसमध्ये होती, आणि डॉक्टर आता आठवडे सोडून दिवसांत बोलू लागले होते.

सुट्टी गेली, तरी तिच्या आदल्या संध्याकाळी गरम पाव खायची रीत कुणी सोडली नव्हती. गुरुवारी त्याने तिच्यासाठी एक नेला, लोणी लावून. तिने घासभर खाल्ला, उरलेला बशीत ठेवला.

शुक्रवारी सगळे कामावर आले. सॉफ्टवेअरपुरती मात्र सुट्टीच होती. संध्याकाळी असगर तिच्या खोलीत शिरला, तेव्हा बशीतल्या पावावर लोणी अजून वितळत होतं.

"नवा आणलास?" त्याने नर्सला विचारलं.

"मी कशाला आणू?" इंगेलिसे म्हणाली. "आज तिला काहीच लागलं नाही. औषधाचा पंपसुद्धा कालच्याच आकड्यावर आहे. दोनदा तपासला."

"दुखणं कुठे गेलं होतं रे आज?" विबेके म्हणाली.

शनिवार-रविवारही तसेच गेले; कॅलेंडरमध्ये ते कायमच सुट्टीचे. तिचं बिघडणं नेहमी सोमवारीच सुरू व्हायचं, हे त्याला तेव्हा आठवलं. इतके दिवस त्याने ते विश्रांतीच्या खात्यावर टाकलं होतं.

सोमवारी सकाळी पाव दगडासारखा झाला आणि विबेके कण्हू लागली. असगरने लॅपटॉप उघडला. मंगळवार सुट्टीचा केला.

मंगळवारी तिने कॉफी मागितली, आणि ती पाणचट आहे म्हणून शिव्याही घातल्या.

मग त्याने बुधवार केला. मग गुरुवार, शुक्रवार. मग पुढचा आख्खा आठवडा.

त्या आठवड्यातल्या बुधवारी उत्पादन बघणाऱ्या डोर्तेचा फोन आला. "असगर, रोज सुट्टी! राजाने तुला पंतप्रधान केलंय की काय? कामाचे कागदच निघत नाहीत. माणसं यंत्रांपाशी हात बांधून उभी आहेत."

"डोर्ते, एवढे दिवस राहू दे. हात जोडतो."

"कारण काय पण?"

"विचारू नकोस. फक्त हात लावू नकोस त्याला."

"तुला झोपेची गरज आहे," ती हळू म्हणाली. "मी बघते सगळं."

त्याने घाईघाईने लॅपटॉप उघडला. त्याचं नाव सॉफ्टवेअर ओळखेना. त्याने फोन लावला. पुन्हा लावला. लागला नाही.

डोर्ते नीटनेटकी बाई. तिने सगळ्या खोट्या सुट्ट्या काढल्या. मागच्या तारखेपासून. एकदम.

विबेके त्याचा हात धरून कॉफीबद्दल काहीतरी सांगत होती. वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

पंप रिकामा झाल्याची शिट्टी वाजवू लागला.

तिची नखं त्याच्या तळहातात रुतत चालली. सकाळीच इंगेलिसेने ती कापली होती.

त्याची रजा डोर्तेनेच भरली. जोडीदार गेल्यास कंपनी दोन दिवस देते. शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत.