पुढच्याच्या पावलावर

मसाटच्या पाइप कारखान्यात फाटकापासून शेडपर्यंतचं आवार सरळ गेलं तर चाळीस पावलांचं. दिवसपाळीचा वॉचमन सुकदेव मात्र ते वळणं घेत चालायचा, आणि रोज अगदी त्याच वळणांनी. कामगार त्याची टर उडवायचे. टाइमकीपर विश्वनाथला हसू येत नसे, त्याला भारी कुतूहल वाटे. त्याच्या रत्नागिरीकडच्या गावात महायुद्धातून परतलेले एक आजोबा होते. दिवाळीत फटाका वाजला की ते पलंगाखाली शिरायचे. पोरांनी त्यांचा पार पिच्छा पुरवला होता, त्यात विश्वनाथही होता. तुम्हाला काय दिसतं, एवढं साधं कुणी विचारलं नाही. ते त्याला अजून टोचायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चात नवे मॅनेजर आले. दोन दिवस त्यांनी सुकदेवची चाल पाहिली आणि विश्वनाथला बोलावून घेतलं.

"शनिवारपर्यंत लेखी द्या. माणूस वेडा असेल तर ठेवायचा नाही."

सुकदेव धुळ्याकडचा, एकाहत्तरच्या लढाईतला जवान. नोकरी गेली तर बायकोला, बायडाबाईला, आणि लेकीला घेऊन तो कुठे जाणार होता? या खेपेला विचारायचंच, असं विश्वनाथने ठरवलं.

"सुरुंग पेरेल वावर व्हतं, साहेब," डब्यातली भाकरी मोडत सुकदेव म्हणाला. "पुढच्याच्या पावलावरच पाय टाकायचा, अशी ऑर्डर. माझ्या पुढे भगवंत व्हता. तो गेला."

"आणि आता?"

"आता बी तोच पुढे चालतो ना." पाळी किती वाजता सुटते हे सांगावं, इतक्या सहज तो बोलला.

"मग त्याला म्हणावं, जा बाबा आता."

"कुठं जाईल? त्याच्या पुढे कोणीच नव्हतं, साहेब. त्याला रस्ता कोण दाखवंल?"

विश्वनाथ विज्ञानाचा पदवीधर. त्याने एक युक्ती काढली. पाइपाच्या प्लास्टिकात मिसळायच्या खडूच्या पुडीची फाटकी पोती गोदामात पडून होती. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने त्यातली पूड आवारभर पसरली. पुडीत फक्त आपलीच पावलं आहेत हे सुकदेवने डोळ्यांनी पाहिलं, की भ्रम संपेल.

विश्वनाथच्या सांगण्यावरून सुकदेव अनवाणी निघाला. थांबून, समोर बघून, मगच पाय टाकत होता. तो शेडशी पोचल्यावर विश्वनाथ वाकून ठसे पाहू लागला. पाच बोटं, टाच. एकाच माणसाची पावलं. झालं तर मग!

मग त्याला खिळ्यांच्या खुणा दिसल्या.

बोटांच्या ठशाखाली, आधीच दाबले गेलेले सात गोल खळगे. फौजी बुटाच्या तळव्याचे खिळे उमटावेत तसे. प्रत्येक पावलात सात.

हे मॅनेजरला लेखी कसं द्यायचं? सुकदेवला हाक मारून त्याने फाटकाशी परत बोलावलं. तो त्याच वळणांनी आला.

"बघ, इथे काही नाहीये," असं म्हणत विश्वनाथ हट्टाने शेडकडे सरळ चालत गेला. चाळीस पावलं. काहीही झालं नाही.

वळून पाहिलं तर सुकदेव फाटकाशी ताठ उभा होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"सुटला, साहेब. त्याला रस्ता सापडला."

पुडीकडे न बघता विश्वनाथने पाणी मारून आवार धुऊन घेतलं.

शनिवारी सुकदेव मॅनेजरसमोर फाटकापासून सरळ चालत आला, चक्क बिडी ओढत. विश्वनाथने लिहून दिलं, माणूस ठणठणीत आहे. त्याला फार बरं वाटत होतं. त्या आजोबांची आठवण पहिल्यांदाच टोचली नाही.

संध्याकाळी तो सामरवरणीला घरी पोचला. बायको, मालती, फरशी पुसत होती. चपला दाराबाहेर काढून, पाय धुऊन तो आत आला आणि खुर्चीत बसला.

"अहो, आत्ता पुसलंय मी," मालती म्हणाली. "बूट घालून काय आलात?"

त्याने खाली पाहिलं.

ओल्या फरशीवर त्याच्या अनवाणी पावलांचे ठसे दारापासून खुर्चीपर्यंत आले होते. प्रत्येक ठशावर पांढऱ्या पुडीचे सात ठिपके होते.