तोंगदीच्या गाडीचं इंजिन

बसा. पंखा तुमच्याकडे वळवतो. कोपऱ्यात ताडपत्रीखाली झाकलंय ते इंजिन मात्र विकायचं नाही. का, ते विचारू नका... बरं, विचारलंतच तर ऐका.

आमच्या लाम्पांग गावात तोंगदीची जुनी ऑस्टिन गाडी कुणाला माहीत नव्हती? चपला काढल्याशिवाय तो कुणालाही आत बसू देत नसे, असा खडूस माणूस. तो वारला, तरी त्याची बायको बुन्मा त्याची वाट बघायची. तिची नजर गेली होती. मुलगी ओरासा रोज तिन्हीसांजेला अंगणात इंजिन चालू करायची. तो खडखडाट कानावर पडला की म्हातारी म्हणायची, "आले." मग चिकट भाताचा पहिला गोळा बोटांनी वळून नवऱ्यासाठी बाजूला ठेवायची आणि नंतरच स्वतः जेवायची. आवाज नाही, तर जेवण नाही.

एकदा म्हातारीला इस्पितळात नेताना गाडी घाटात बंद पडली. दुसऱ्याच दिवशी ओरासा ती ओढून माझ्याकडे घेऊन आली.

"प्रायोंगकाका, हे काढा आणि जपानी इंजिन टाका."

"अगं, उघडून बरं करतो की. पिस्टन मिळायला वेळ लागेल, पण आवाज तोच राहील."

"आवाज घेऊन काय करू? काल आई माझ्या मांडीवरच जायची, काका."

मग मी एवढंच विचारलं, "आईला सांगितलंस?"

"दुरुस्तीला दिलंय म्हणाले. परत येईल म्हणाले."

गाडीला पाना लावण्याआधी आम्ही मे यानांगची परवानगी घेतो. गाडीची राखण करणारी देवी ती. स्टिअरिंगला मोगऱ्याची माळ घातली, पाण्याचा पेला ठेवला, उदबत्ती लावली. ओरासाने हात जोडले आणि तिलाही तेच सांगितलं. "इंजिन बरं करून आईकडे परत आणू. रागावू नकोस."

मी तिला थांबवलं. "बाई गं, माणसाशी खोटं बोल, हिच्याशी नको. बदलतोय म्हणून सांग."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

उदबत्ती विझली. वारा नव्हता. मी पुन्हा पेटवली, ती पुन्हा विझली. शेवटी तशीच राहू दिली.

नवं इंजिन झकास बसलं. पण म्हातारीने आवाज ऐकला आणि विचारलं, "ही कुणाची गाडी?" ताट बाजूला सारलं ते सारलंच. ओरासा रडकुंडीला आली.

मग एका संध्याकाळी मी दुकान बंद करत होतो. तापलेल्या तेलाचा वास आला, त्यात मोगऱ्याचाही. तेवढ्यात फोन वाजला.

"काका... तुम्ही जुनं इंजिन इकडे आणलंत का?"

"नाही. इथेच आहे. का?"

"फाटकाशी आवाज आला. आपल्या गाडीचा. आई म्हणाली, आले... भाताचा गोळा वळून घेतला. मी ताट आणायला आत गेले, तेवढ्यात..."

"गाडी कुठाय?"

"अंगणात. किल्ली माझ्याच हातात आहे."

"आणि आई?"

"फाटकाबाहेर तिच्या चपला आहेत, काका. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या."

मी ताडपत्री उचलली. तेल काढलेलं, वायरी तोडलेल्या, कार्बुरेटर तर फळीवर पडलेला. तरी लोखंडाला हात लावला आणि चटका बसला. वर भाताचा गोळा होता. बोटांचे ठसे उमटलेला, अर्धा खाल्लेला.

गावाने नदी धुंडाळली, रान धुंडाळलं. म्हातारी सापडली नाही. ओरासा अजून येते. "उघडून बरं करा ना, काका. मी मे यानांगला तसं बोलले होते," म्हणते. मी पाना घेतो, पण ते रोज या वेळेला तापतं. कसं उघडू?

वास येतोय ना तुम्हालाही? उठा, अंधारून आलं. आणि हे काय... चपला कशाला काढल्यात? आधी घाला बघू त्या.