वेदीवरची सातवी

गावात जुने अवशेष खणायला शहरातून आलेल्या एर्सीबाईंना फुटके तुकडे धुवायला बायका हव्या होत्या, म्हणून आम्ही दोघी बहिणी गेलो. मी आणि धाकटी झाम्बेता. आमच्या गावात माणूस एकदा पुरून भागत नाही. तीन वर्षांनी कबर उघडायची, हाडं लाल वाइनमध्ये धुवायची, कवटीला ओठ टेकून नावानं म्हणायचं, आलीस, बरं झालं. मग पेटीत घालून चर्चमागच्या खोलीत ठेवायची. तेव्हा कुठे मेलेल्याची आई डोक्यावरचा काळा रुमाल सोडून तपकिरी बांधते. पोरवयापासून गावाची हाडं आम्हीच धुतो. आमचा हात हलका, हे एर्सीबाईंच्या कानावर गेलं होतं.

शेताखाली जुन्या देवांची वेदी सापडली होती, पण हजारभर तुकडे होऊन. आम्ही ते चाळायचे, पाण्यात धुवायचे, वाळूवर मांडायचे. मग स्त्रातोस मिस्त्री कडेला कड लावून बघत बसायचा. एका तुकड्याला शेजारी मिळायला आठ-आठ दिवस जायचे. माझ्या मेव्हणीचं लग्न याच्याआधी जुळलं, म्हणायचा, आणि ती तर तिरळी. एका बाजूला कोरलेल्या सहा मुली ओळीनं अग्नीकडे निघालेल्या असणार, असं एर्सीबाईंनी पायांवरून ठरवलं होतं. कागदावर तसं चित्रही काढलं होतं.

झाम्बेताची एकुलती एक लेक मालामो नऊ वर्षांमागे बोटीबरोबर बुडाली. प्रेत मिळालं नाही. धुवायला एक हाड नाही, म्हणून झाम्बेताचा रुमाल काळाच. पेटी मात्र तिनं करून घेतली होती. दर शनिवारी आतून पुसायची.

ऑगस्टातल्या एका दुपारी माणसं जेवायला सावलीत बसली आणि झाम्बेताच्या चाळणीत एक चेहरा आला. कपाळापासून हनुवटीपर्यंत, नाक उडालेलं. पोरीचाच. झाम्बेतानं जेवणातली वाइन उचलून त्यावर ओतली, अंगठ्यानं डोळ्यांतली माती काढली आणि ओठ टेकले.

"आलीस मालामो, बरं झालं."

मी तिला फैलावर घेतलं. परक्या दगडाला आपल्या लेकीचं नाव देतात का?

"सवयीनं गेलं गं आक्का तोंडातून."

तेही खोटं नव्हतं. हात धुवायला लागला की तोंड आपसूक बोलतं.

त्यानंतर त्या पोरीचे तुकडे झाम्बेताच्याच चाळणीत येऊ लागले. खांदा, कंबर, घोटा. भाजलेल्या कोरड्या मातीतून ओले यायचे आणि त्यांना समुद्राचा वास असायचा. स्त्रातोसनं ठेवायचा अवकाश, तुकडा बसायचा. त्याच्या थट्टा बंद झाल्या. मग कळलं की ती सहांतली नव्हतीच. सातवी होती. बाकीच्या अग्नीकडे चाललेल्या, आणि ही एकटी वेदीकडे पाठ करून निघालेली. एर्सीबाई म्हणाल्या, माझाच हिशेब चुकला. चित्र नव्यानं काढलं.

उजवा हात तेवढा राहिला. झाम्बेतानं विनवलं, हिला एकदा सगळी धुऊ द्या, वाइननं. एर्सीबाईंनी समजावलं, संगमरवराला डाग पडतो. शिवाय दहा दिवसांनी वेदी ट्रकमधून शहरात जाणार होती. म्हणजे पोर पुन्हा जाणार, एवढंच झाम्बेताला ऐकू आलं.

भरदुपारी आमच्याकडे शहाणं माणूस घराबाहेर पडत नाही, ती वेळ आपली नसते. त्याच वेळी आम्ही वेदी जुळवून ठेवलेल्या शेडमध्ये शिरलो. मी नको म्हणत होते, पण तिला एकटीला कशी सोडू? झाम्बेतानं केसांपासून टाचेपर्यंत वाइन ओतली. एक थेंब खाली पडला नाही. बाहेर झाडांवर किडे किरकिरत होते, ते गप्प झाले. मनगट जिथे तुटलं होतं, त्याच्यापुढे तिनं आपला हात धरला.

"चल आता," मी म्हणाले.

"थांब, आक्का..."

"काय झालं?"

"हात सुटत नाहीये..."

तिच्या मुठीत काही नव्हतं. नुसती हवा. मी तिची कंबर धरून ओढलं, तर पलीकडूनही कोणी ओढत होतं. घाई नाही, राग नाही. मग सुटला.

दुसऱ्या दिवशी झाम्बेता तपकिरी रुमाल बांधून आली. नऊ वर्षांत पहिल्यांदा झोप लागली, म्हणाली. आणि त्याच सकाळी, कोणी कधी न उचकटलेल्या फरशीखालून तो हात निघाला. मनगटाला अचूक बसला. फक्त त्याच्या बोटांत दुसरा एक हात होता, दगडाचाच. म्हातारीचा, शिरा आलेला, मनगटाशी तुटलेला, करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी. झाम्बेताची करंगळी लहानपणी तेलाच्या घाण्यात सापडली होती. तेव्हापासून ती तशीच आहे.

एर्सीबाईंना आनंद झाला. आठवीही आहे म्हणजे! ट्रक पुढे ढकलला.

त्या दिवसापासून झाम्बेताचा उजवा हात उन्हात धरला तरी गार. चाळणीत कोपर आलं, तशी कोपरापर्यंत गार झाली. परवा खांदा आला. तिला भीती नाही. "येऊ दे," म्हणते, "तिनं धरलंय मला." भीती मला आहे. मला तरी दुसरं कोण आहे?

काल माझ्या चाळणीत म्हातारीची हनुवटी आली. नाव निसटू नये म्हणून मी तोंड घट्ट मिटून घेतलं. धुतली नाही, एर्सीबाईंना दाखवली नाही. ओटीत घालून घरी आणली आणि चण्याच्या डब्यात तळाशी पुरली. चेहरा मिळाला नाही तर कामही पुरं होणार नाही, एवढं मला कळतं.

आज सकाळी डबा उघडला. हनुवटीच्या वर आता ओठ आहेत. ते उघडे आहेत.