दाराकडे तोंड केलेले बूट

गेल्या जानेवारीत, दुपार कलताना, अबोली मला ब्रॅम्पटनपलीकडच्या त्या दगडी हवेलीत घेऊन गेली. ती नगरपालिकेत नोकरीला. इमारत रिकामी आहे, एवढा अहवाल तिने दिला की पाडायची परवानगी मिळणार होती. तिथे गोदाम होणार. आमच्या भागात गोदामांचीच तर टंचाई आहे!

"काका, आज तरी फाइट नको हं. मी फक्त इन्स्पेक्शन करणारेय."

"जन्मभर पेपरात भांडायचाच पगार घेतला," मी म्हणालो. "आता फुकट भांडतो."

एका गिरणीमालकाने हौसेने बांधलेलं हे घर. पुढे तिथे श्रीमंतांच्या मुलांचं बोर्डिंग निघालं. तेही बंद पडल्यावर खालचा मजला दर रविवारी आमच्या मंडळाच्या मराठी शाळेला मिळाला. माझी बायको नीरजा तिथे शिकवायची. ती गेली आणि शाळाही बंद झाली. अबोली तिचीच विद्यार्थिनी.

आत शिरताच अबोलीने बूट काढले.

"पाडायला आलीस ना? मग घाल की पायात."

"शाळा आहे, काका. बाई रागावतील."

माझेही बूट काढून तिच्या बुटांशेजारी टाकले. वर्ग चालू असताना नीरजा हळूच बाहेर यायची, मुलांच्या बुटांवरचा बर्फ झटकायची आणि हीटरला लावून ते दाराकडे तोंड करून मांडायची. सुटल्यावर पाय घातले की ऊब आणि सरळ बसकडे पळायचं. आमचे दोघांचे मात्र भिंतीकडे तोंड करून ठेवायची, माझ्या उजवीकडे तिचे. आम्हाला खुर्च्या आवरायला थांबायचं असे.

वर्गात फळा होता. ओल्या लोकरीचा, खडूचा, कुणाच्या तरी डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीचा वास होता. मला वाटलं, म्हातारपणी आठवणींनाही वास येत असावा.

"काका... खिचडी?" अबोली कुजबुजली.

वर्गाबाहेरून आवाज आला. टप्... टप्... बुटांचे रबरी तळ एकमेकांवर आपटल्यासारखा. मग थोडं थांबून पुन्हा. घाई नव्हती त्यात.

"कोण आहे?" मी दरडावलं. मंत्र्यांना दरडावलेला आवाज माझा. पण टप्... टप्... चालूच राहिलं.

आवाज थांबला, तेव्हा खिडकीबाहेरचा उजेड निळा झाला होता. आम्ही बाहेर आलो. दाराजवळच्या खोलीत कुणी नव्हतं. अबोलीचे बूट हीटरला लावलेले, दाराकडे तोंड करून. बर्फाचा कण नाही त्यांवर. तिने एकात पाय घातला आणि तशीच उभी राहिली.

"गरम आहेत..."

मी हीटरवर हात ठेवला. लोखंड बर्फासारखं गार होतं. तळघरातला बॉयलर तर कधीच काढून नेलेला.

अबोलीचे डोळे भरले होते. "रिकामी, असं नाही लिहिणार मी," ती म्हणाली. "मग करू देत मला फायर. या लवकर काका, मी गाडी सुरू करते."

दार लोटून ती गेली. हे घर वाचवायला इतके लेख लिहून जे जमलं नव्हतं, ते बाईंनी बुटांच्या एका जोडावर करून दाखवलं होतं. मला हसू आलं. मी माझे बूट शोधू लागलो.

ते आतल्या बाजूला होते. भिंतीकडे तोंड करून, नीट जुळवून ठेवलेले. उजवीकडे आणखी एका जोडापुरती जागा सोडून.