सतरा नंबरचा बिल्ला

"भाकरी कधीपासनं डुचमळायला लागली?"

प्रश्न ऐकला मात्र, अजीजा जागच्या जागी थबकली. धक्क्यावरच्या त्या स्टुलावर रोज नथूआबा बसायचे. आबांना दिसायचं कमी आणि डुलकी लागायची जास्त. त्यामुळे जेवणाची टोपली घेऊन ती सरळ बोटीवर जायची. आज नेमके आबा नव्हते. त्यांच्या जागी एक तरुण उभा होता. उंच, सावळा, अंगात कुणाचा तरी खाकी कोट, बाह्या मनगटापासून चार बोटं वर. आणि डोळे… डोळे सरळ तिच्या टोपलीवर.

"कालवण आहे," ती म्हणाली.

"कालवणाला बूच असतंय?"

तिने खाली पाहिलं. फडक्यातून बुचाचं टोक चांगलं डोकं वर काढून बघत होतं. झालं! आता हो?

तर गोष्ट अशी, की चौतीस सालची दिवाळी नुकतीच झाली होती. लोणावळ्याला गुलाबी थंडी पडली होती, आणि धरणाच्या पाण्यावर एका हॉटेलवाल्याची लाँच चालायची. मुंबईची बडी मंडळी हवा खायला यायची, लाँचमध्ये बसून दिवसभर पाण्यावर हिंडायची. धक्क्यावर भली मोठी पाटी होती : 'बाहेरचे पेय बोटीवर आणणेस सक्त मनाई आहे.' लेमोनेडपासून व्हिस्कीपर्यंत जे काय प्यायचं ते बोटीवरच विकत घ्यायचं. पण शेठ लोक कसले ऐकतात! कुणी छत्रीत बाटली लपवायचा, कुणी तान्ह्या बाळाच्या दुपट्यात. एका गवयाने तर चक्क डग्ग्यात घातली होती. बाटली सापडली, की तिच्या गळ्यात नंबरचा पितळी बिल्ला बांधून ती धक्क्यावरच्या पेटीत ठेवायची आणि जोडीचा बिल्ला मालकाच्या हातात द्यायचा. उतरताना बिल्ला परत केला, की बाटली मिळायची.

हे झालं प्रवाशांचं. नोकरांसाठी पाटीवर खाली दोन ओळी वेगळ्या होत्या : 'नोकराजवळ दारू सापडल्यास त्याच दिवशी काढून टाकणेत येईल. नोकराचा डबा फक्त घरच्या माणसाने आणावा.' आधीच्या ड्रायव्हरने झिंगून लाँच खडकावर घातली होती, तेव्हापासूनचा हा कडक कारभार.

आणि आताचा ड्रायव्हर होता गफूरमियाँ. अजीजाचा बाप.

"ड्रायव्हरचा डबा घरच्या मान्सानंच आणायचा," तो तरुण म्हणाला. "तुमी कोण त्यांच्या?"

"मुलगी."

"नाव?"

"अजीजुन्निसा."

"येवढं लांब? म्हणून होईस्तवर बोट सुटंल की!"

एरवी तिला हसू आलं असतं. पण त्याने बुचाला धरून बाटली वर ओढली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. चपटी बाटली, काचेतच उठवलेली इंग्रजी अक्षरं. ब्रँडीची! आत तांबूस काहीतरी. तो बाटलीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे… मग पुन्हा बाटलीकडे.

काय सांगणार होती ती? अब्बांना हिवताप जडला होता. दिवसाआड दुपारी अशी हुडहुडी भरायची, की दातावर दात आपटायचे. हे मॅनेजरच्या कानावर गेलं असतं तर अब्बांचं चाक गेलं असतं, आणि अम्मी गेल्यापासून त्या माणसाला दुसरं होतंच काय? ती, आणि ते चाक. म्हणून औषध चोरून. दवाखान्यात औषध फुकट मिळायचं, पण बाटली आपली न्यावी लागायची. घरात बाटली कुठली असणार? बोटीवरून फेकलेली, काठाला लागलेली एक तिने उचलली, राखेने खळाखळा धुतली आणि कंपाउंडरपुढे धरली. दुपारचा डोस चुकवायचा नाही, असं त्याने बजावलं होतं.

तरुणाने एक शब्दही न बोलता बाटलीच्या गळ्यात बिल्ला बांधला. जोडीचा तिच्या तळहातावर ठेवला. सतरा नंबर.

"संध्याकाळी घिऊन जा," तो हळूच म्हणाला.

ती दुपार अजीजाने काठावरच्या दगडावर जीव मुठीत धरून काढली. आज तापाचा दिवस, आणि डोस पेटीत! लाँच दूर पाण्यावर एवढीशी दिसत होती. ती जरा वळली, की ही उठून उभी राहायची. अब्बांचा हात सुटला असेल का? बोटीवर चाळीस माणसं, त्यांत लेकरं… या अल्ला, हे आपण काय करून बसलो! आणि तो कोटवाला? तो मॅनेजरकडे गेला असेल का? मुसलमानाच्या पोरीकडे ब्रँडी सापडली म्हटल्यावर गावात तोंड कुठे लपवायचं?

संध्याकाळी अब्बा उतरले ते आपल्या पायांनी. कपाळावर घाम होता, ताप नव्हता.

"तो नवा पोरगा आहे ना, वाहिद… त्याने आज बोटीवर येऊन लेमोनेड पाजलं मला," घराकडे चालता चालता ते म्हणाले. "तोबा! इतकं कडू लेमोनेड जन्मात प्यालो नाही."

अजीजा रस्त्यातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने टोपली आणि काल घाबरून परत न केलेला बिल्ला पुढे केला, पण मान काही वर होईना. "तुम्हाला… कळलं कसं?"

"कागदाच्या पट्टीवरनं," वाहिद म्हणाला. "बाटलीला खाचा कातरलेली पट्टी हाय न्हवं? एक खाच, एक डोस. ब्रँडी पिणारा कुटं खाचा बघून पितोय? आमची आई परंदवडीवरनं तळेगावच्या दवाखान्यात जायची, अशाच बाटल्या घिऊन. काल तितंच वळखलं."

"मग कालच का नाही बोललात? माझा जीव जायची वेळ आली होती!"

"मागं मानसं हुती. बोललो असतो तर समद्यांनी ऐकलं असतं." मग जरा थांबून, "आन् तुमी पुन्ना बिल्ला परत द्यायला येनार, हे ठाऊक हुतंच की."

बघा! लाज नाही तोंडाला! अजीजा फणकारून वळली खरी, पण ओढणीआड तिचे गाल तापले होते, आणि ते काही हिवतापाने नव्हते.

मग रोजचंच झालं. ती बाटली द्यायची, तो सतरा नंबरचा बिल्ला द्यायचा. दुसरा नंबर कधीच नाही. मग अर्ध्या ग्लास लेमोनेडमध्ये डोस ओतून तो अब्बांकडे न्यायचा, आणि तापाच्या दिवशी बोटीवरच चाकापाशी थांबायचा. बिल्ला देता-घेता बोटं कधी लागायची, कधी लागायची नाहीत. न लागली तर तिला उगीचच चुकल्यासारखं वाटायचं.

"कालवन काय हाय आज?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"तपासनी करायचा हुकूम हाय."

"हुकूम प्यायच्या वस्तूंचा आहे. कालवणाचा नाही."

"रस्सा आसंल तर?"

ती हसायची, आणि हसता हसता पाटीवर नजर गेली, की आतून गार व्हायची. आता भीती एकट्या अब्बांची राहिली नव्हती. बिंग फुटलं तर हाही जाणार, आणि जाणार तो हिच्यापायी.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" तिने एकदा विचारलं.

"वाटती की. लय वाटती."

"मग कशाला करता हे?"

वाहिदने बिल्ला हातात घोळवला. "तुमी येकट्याच भिऊन भिऊन वाळत चालला. म्हनलं, निम्मी भीती आपन घ्यावी…"

बिल्ला ओढणीच्या गाठीत बांधून ती पळालीच.

आणि मग तो रविवार आला.

लाँच माणसांनी भरली होती. अजीजा नुकतीच बाटली देऊन बाजूला झाली होती, तेवढ्यात मॅनेजरसाहेब तरातरा धक्क्यावर आले आणि त्यांनी पेटीचं झाकण उघडलं. पेटीतल्या बाटल्यांवर कुणीतरी हात मारतं, असा त्यांना संशय होता. एकेक बाटली उजेडात धरत त्यांनी सतरा नंबरची उचलली. ती अर्धी होती.

"ही अर्धी कशी? प्रवाशांची दारू कोण पितं इथे?"

वाहिदने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जणू ती तिथे नव्हतीच.

"मी, साहेब," तो म्हणाला. "मी प्यालो."

"हरामखोर! पोलिसात देतो तुला!"

अजीजाच्या ओढणीच्या गाठीत बिल्ला होता, तो सोडवून तिने मुठीत गच्च आवळला. गप्प बसलं तर अब्बांचं चाक वाचतंय. नुसतं गप्प बसायचं. पण हा? थेंबालाही न शिवलेला हा माणूस दारुडा, चोर ठरणार, परंदवडीला त्याच्या आईच्या कानावर हे जाणार… पळून जावंसं वाटत होतं, अगदी मनापासून. पण ती पुढेच गेली, कशी ते तिचं तिलाही कळलं नाही.

"ती बाटली माझी आहे," तिने मूठ उघडली. "हा बघा, सतरा."

"तुझी?" मॅनेजरनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू पितेस?"

बोटीवरून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"माझे अब्बा पितात. ती ब्रँडी नाही, कोयनेल आहे, हिवतापाचं औषध. चव बघा."

मॅनेजरनी बूच काढून करंगळी बुडवली, जिभेला लावली… आणि साहेबांचं तोंड असं काही वाकडं झालं, की एरवी सगळा धक्का हसला असता. आज कुणी हसलं नाही.

"म्हणजे माझी लाँच तापाने फणफणलेला माणूस चालवतो?"

"न्हाई साहेब," वाहिद घाईने बोलला. "तापाच्या दिवशी…"

"मी सांगतो." घोंगडी पांघरून अब्बा बोटीला लावलेल्या फळीवरून खाली आले होते. "तापाच्या दिवशी चाक ह्या पोराच्या हातात असतं, साहेब. मी मागे बसून खडक कुठे ते सांगतो. महिना झाला. लाँचला ओरखडा नाही. दोष माझा. पोरांना काही बोलू नका."

मॅनेजरनी पाटी पुन्हा वाचली. माणूस तापट, पण नियमाला धरून चालणारा. "पाटीवर दारू लिहिलंय, औषध नाही. म्हणून वाचलात," ते शेवटी म्हणाले. "वाहिद, आजपासून चाकावर तू. गफूर, तू चाकाला हात लावायचा नाहीस. बरा होईपर्यंत या पेटीपाशी बस. पुढचं पुढे बघू."

दुसऱ्या दिवशी पाटीवर नवी ओळ चढली : 'औषध असल्यास चव दाखवावी.'

नोकरी वाचली, पण चाक गेलं. आणि ते घालवलं कुणी? अजीजाच्याच तोंडाने! अब्बा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत, जेवायला बसले की तळहात निरखायचे. तिला घास गिळवत नव्हता. आणि वाहिद सकाळपासून पाण्यावर. ना बिल्ला, ना बोटं, ना 'कालवन काय'. सगळ्यांसमोर त्याला खोटं पाडलं म्हणून तो रागावला असेल का? आठ दिवस ती असं मनातल्या मनात झुरत राहिली.

आठव्या दिवशी अब्बा घोंगडीतून म्हणाले, "तो वाहिद दिवसभर फुटाण्यांवर राहतो. आई परंदवडीला, इथे त्याचं कुणी नाही. डबा घरच्या माणसानेच आणायचा ना!" एवढं बोलून ते कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अजीजा टोपली घेऊन धक्क्यावर आली. एक पाऊल पुढे, दोन मागे, असं करत करत. स्टुलावर अब्बा बसले होते.

"थांब. माझं जेवण तर झालं. हा कुणाचा डबा?"

"…ड्रायव्हरचा."

"नियम ठाऊक आहे?"

"आहे."

"मग? तू त्याची कोण?"

लाँचच्या कठड्याशी वाहिद उभा होता. हातातलं तेलाचं फडकं हातातच राहिलं होतं. मॅनेजरसमोर, भरल्या बोटीसमोर बोललेली ही पोरगी, पण आज बापापुढे ती टोपलीचं फडकं चाळवत राहिली. अब्बा नाही म्हणाले तर? तो हसला तर? इतकी भीती तिला त्या रविवारीही वाटली नव्हती.

"अजून कुणी नाही, अब्बा," ती म्हणाली. "पण… मला व्हायचंय."

अब्बांनी टोपली हातात घेतली, कानाशी नेऊन हलवली.

"डुचमळतंय काहीतरी."

"ताक आहे."

"बाहेरचं पेय," अब्बांनी मोठा उसासा सोडला, बाटली बाहेर काढली, बूच उघडून चव घेतली आणि बाटलीच्या गळ्यात बिल्ला बांधला. "सतरा नंबर. याची जोडी आठ दिवस सापडत नाहीये मला."

अजीजाने मान खाली घालून ओढणीची गाठ सोडली. पितळी बिल्ला तळहातावर पुढे केला. अब्बांनी तो घेतला नाही. तिची बोटं हळूच त्याच्यावर मिटवली.

"हा परत करायचा नाही," ते म्हणाले. "जा. भाकरी गार होईल."

वाहिद फळीवरून खाली आला होता. त्याने टोपली धरली, पण तिने अजून सोडली नव्हती.

"तुमी… खरंच?" तो पुटपुटला.

"खरंच. पण मला फार भीती वाटतेय."

"मला बी," वाहिद म्हणाला. "आना हिकडं निम्मी."