नावाच्या चौकटीतून आलेली हाक

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पाच माणसांची चौकशी समिती, माझ्याच हातचा चहा पीत बसलेली, आणि म्हणे, "कालिंदीबाई, तुम्हाला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?" नाही कळत. चौथी पास आहे मी. पण कान शाबूत आहेत, डोळे शाबूत आहेत. तुम्ही तरी ऐका. दिवा राहू दे चालू, आणि मधे बोलू नका.

परळला एका विद्यापीठाचा परीक्षा विभाग आहे. सोळा वर्षं मी तिथली सफाई करते, कंत्राटावर. सकाळी सातला कुलूप मीच काढते. दहा वाजेपर्यंत तिसऱ्या मजल्यावर मी, फिनेलची बादली आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, बाकी कोणी नाही. भीती कधी वाटली नाही. लालबागच्या चाळीत एकटीनं तीन पोरी वाढवल्यात, मला कोण भिववणार?

एप्रिलमध्ये गिरगावची एक पोर आली. वैदेही नाव. शेवटच्या वर्षाला होती. डोकं सारखं दुखायचं तिचं, कपाळाला बाम चोळलेला असायचा. अर्ज घेऊन आली होती. तो आत घ्यायला ऑफिसातल्या माणसांनी तासभर लावला, तोवर बाकावर माझ्याशी बोलत बसली.

"मावशी, निकालाच्या वेबसाइटवर नाव टाकायची चौकट असते ना, त्यात नावाच्या जागी मी हुकूम लिहिला तर ती तो पाळते. आधी एक उभी टिकली द्यायची, ते एकेरी अवतरणचिन्ह असतं ना, ते, मग हुकूम. सगळ्यांचे मार्क उघडे पडतात. बदलतासुद्धा येतात."

"आणि विचारत नाय, तू कोण म्हणून?"

"नाही ना. तेच तर ह्या अर्जात लिहून आणलंय, हे भोक बुजवा म्हणून."

मी म्हटलं, "आमच्या मालवणात पोरांना शिकवतात, बाहेरनं हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाय. तिसरी येईपर्यंत थांबायचं. माणूस तीनदा हाक मारतो. जो माणूस नाय... तो तीनदा मारत नाय."

ती हसली. "मग ही वेबसाइट मालवणच्या पोरांकडून बनवून घ्यायला हवी होती."

अर्ज हेडक्लार्क हितेंद्रनं खणात टाकला. का टाकला ते सांगते. ती टिकली विभागात सगळ्यांना आधीच ठाऊक होती. वरच्या मजल्यावरून पासवर्ड यायला दोन-दोन दिवस जात. म्हणून कोणाच्या मार्कांतली चूक दुरुस्त करायची तर ही माणसं सरळ चौकटीत टिकली मारत. रोज माझ्या डोळ्यांसमोर. भोक बुजवलं असतं तर ह्यांचीच कामं अडली असती.

जूनमध्ये चाळीस पोरांचे मार्क बदललेले सापडले. वरून विचारणा आली, तसा हितेंद्रनं तो अर्ज फाडला. तुकडे केरातून मीच उचलले. आणि वर सांगितलं काय, तर गिरगावची एक पोरगी इथे येऊन फुशारकी मारून गेली होती, मी मार्क बदलू शकते म्हणून.

तिला बोलावलं. खिडकीपाशी उभी करून वरच्या साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. मी मागे फरशी पुसत होते.

"मावशी, तुम्ही सांगा ना. मी अर्ज दिला तेव्हा तुम्ही इथेच होता."

मी फडकं पिळत राहिले.

"मावशी..."

कंत्राट संपायला पंधरा दिवस होते.

"मावशी?"

"मला काय माहीत नाय, साहेब," मी म्हटलं. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तिचा निकाल राखून ठेवला. पोलिसांत देऊ म्हणाले. जुलैत ती गेली. कशी गेली ते मी सांगणार नाही. तिची आई आहे अजून.

ऑगस्टातली गोष्ट. लख्ख ऊन होतं, खिडक्या उघड्या, खाली रस्त्यावर पाववाल्याची घंटी. मी कुलूप काढलं आणि आत बामचा वास आला. फिनेल ओतलं, तरी गेला नाही. खिडकीपाशी निकाल बघायचा कॉम्प्युटर आहे. तो आदल्या संध्याकाळी मी स्वतः बंद केला होता. आता चालू होता. नावाच्या चौकटीत फक्त एक उभी टिकली. पुढे काही नाही... कोणीतरी लिहिता लिहिता थांबल्यासारखी.

मागून हाक आली. "मावशी..."

मी वळले नाही. ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. रोज एकच हाक, पुढे नुसती शांतता. हितेंद्रला सांगितलं तर म्हणाला, "कालिंदीबाई, इथे जिवंत माणसं दहाच्या आत येत नाहीत, मेलेली कशाला येतील?" सगळे हसले. पण त्या दिवसापासून तो त्या कॉम्प्युटरवर बसला नाही.

मग त्या चाळीस मार्कांच्या चौकशीला समिती नेमली. बैठकीच्या दिवशी मी नेहमीसारखं कुलूप काढलं.

"मावशी..."

बादली खाली ठेवली.

"मावशी..."

दोन झाल्या. आजपर्यंत दुसरी आली नव्हती. मी देवाचं नाव घेत उभी राहिले. नको येऊ गो, नको येऊ...

"मावशी?"

तिसरी आली. मी काय करणार होते? "ओ, बाळा," म्हटलं. "सांगते. आज सांगते." खुर्ची हळूच मागे सरकली, कोणीतरी उठावं तशी.

बैठकीला वैदेहीची आई, ललिताबाई, आल्या होत्या. त्यांचं एकच मागणं, "पोरीच्या नावावरचा चोरीचा डाग काढा. बाकी काही नको." मी न बोलावता आत शिरले आणि सगळं सांगितलं. अर्ज, टिकली, केरातले तुकडे. समितीचे अध्यक्ष हर्षवर्धन साहेब म्हणाले, "मग जूनमध्ये का बोलला नाहीत?" मला बाहेर काढलं.

अहवाल ठरला. दोषी, वैदेही. टायपिस्ट रुपालीनं लिहिलं, छापलं. छापून आलं ते नाव वेगळंच. तिनं पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच वेगळं नाव. शेवटी हर्षवर्धन साहेब स्वतः बसले, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत वैदेहीचं नाव घातलं. पडद्यावर बरोबर दिसत होतं. कागद बाहेर आला. तिसऱ्यांदाही तेच नाव. बामचा वास दारापर्यंत आला होता.

"ह्या नावाचं कोणी आहे आपल्याकडे?" साहेबांनी विचारलं. नोकरांची यादी बघितली, पोरांची बघितली. कोणी नाही. घाम पुसून म्हणाले, "बाहेरचं असेल कोणी. संपवा हे." पाचही जणांनी सह्या केल्या. वैदेहीचा निकाल सुटला, पहिला वर्ग. ललिताबाई तो कागद उराशी धरून जिना उतरल्या.

कप उचलायला गेले तेव्हा मी अहवाल वाचला. म्हटलं, "साहेब, हे माझं नाव आहे." खदखदून हसले सगळे. हसणारच. लग्नात नवऱ्यानं तांदळात माझं नवं नाव काढलं, कालिंदी, त्याला पस्तीस वर्षं झाली. माहेरचं नाव ठाऊक असलेलं एकही माणूस आता जिवंत नाही. इथल्या कुठल्या कागदावर ते नाही. पोरींना माहीत नाही, वैदेहीला मी कधी बोलले नाही. पण तिथे बापाच्या नावासकट छापलं होतं, आणि खाली पाच सह्या.

दोषी : शेवंती बाबाजी मेस्त्री.